वाचकांचे प्रश्न: सरकार तिकडचं बदलतं, डिप्लोमा आपल्या पोरांचा अडकतो

यावेळची बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत. एमएस-एमबीएवाल्यांची नाहीत, आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, कुकरी असं हाताला काम देणारं शिक्षण ज्यांना बाहेर जाऊन घ्यायचंय त्यांची, नाहीतर त्यांच्या आईवडिलांची. आणि जवळपास प्रत्येक पत्रात कुठेतरी हे आहेच की तिकडे सरकार बदललं, आता आमचं काय होणार. म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त हेच घेतलंय.

प्रश्न: मुलाने आयटीआयला फिटर केलं, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. कोल्हापुरातल्या एका एजंटने कॅनडात ओंटारिओतल्या कॉलेजचा दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंट कोर्स सुचवलाय. तो म्हणतो ट्रुडो गेले, नवीन पंतप्रधान आले, आता सगळं पूर्वीसारखं होणार आणि कोर्स संपला की तीन वर्षांचं वर्क परमिट मिळणार. जमिनीवर कर्ज काढावं लागेल. काय करावं?
— एक वडील, कागल

उत्तर: काका, आधी सरळ उत्तर देते, कारण मागून सांगते. हा कोर्स घेऊ नका आणि जमिनीला तर अजिबात हात लावू नका.

1 नोव्हेंबर 2024 ला किंवा त्यानंतर ज्याने स्टडी परमिटचा अर्ज केलाय आणि कॉलेजातला डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट करतोय त्याला नंतरचं वर्क परमिट फक्त ठरलेल्या विषयांतच मिळतं. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, ट्रेड्स म्हणजे वेल्डिंग, इलेक्ट्रिकल अशी कारागिरीची कामं, वाहतूक, आणि 2025 मध्ये त्यात शिक्षण हा विषय आला. कॉलेजातला साधा बिझनेस मॅनेजमेंट त्यात बसत नाही. एजंट जे तीन वर्षांचं परमिट सांगतोय ते या तारखेच्या आधीचं चित्र आहे, आजही तो तेच दाखवून कोर्स विकतोय कारण त्याचं कमिशन अॅडमिशनवर असतं, परमिटवर नसतं.

आता सरकार बदललं म्हणतो त्याबद्दल. ट्रुडोंनी 6 जानेवारी 2025 ला पद सोडणार म्हणून सांगितलं, मार्चमध्ये मार्क कार्नी आले, एप्रिलमध्ये निवडणूकही जिंकले. पण पक्ष तोच आहे, लिबरल, आणि या बाबतीत धोरण सैल न होता अजून आवळलं गेलंय. 2024 च्या जानेवारीत तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी पहिल्यांदा कोटा लावला तेव्हा आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी परमिट द्यायचं ठरलं. 2025 ला आकडा 4,37,000 होता, 2026 साठी तो 4,08,000 केलाय आणि त्यातले बाहेरून नव्याने येणारे फक्त 1,55,000, बाकी सगळे तिथेच असलेल्यांचे एक्स्टेन्शन वगैरे. 2024 च्या 8 नोव्हेंबरला तो झटपट व्हिसाचा एसडीएस मार्गही बंद करून टाकला, ज्यावर आपल्याकडची कितीतरी पोरं गेली होती.

हे असं का झालं ते समजून घ्या, कारण एजंट हे सांगत नाहीत. ओंटारिओत 2019 ला डग फोर्ड यांच्या राज्य सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी 10 टक्क्यांनी कमी केली आणि मग तिथेच गोठवून ठेवली. कॉलेजांनी खर्च कुठून भागवायचा? मग त्यांनी बाहेरच्या विद्यार्थ्यांकडे बघितलं, ज्यांची फी कित्येक पटींनी जास्त असते, आणि आपल्या पोरांनी वर्ग भरून गेले. पुढे घरभाडी वाढली, लोक चिडले, निवडणूक जवळ आली आणि दिल्लीहून, मुंबईहून आलेल्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखवणं सोपं पडलं. खड्डा एका सरकारने खणला, दुसऱ्याने तो भरायला विद्यार्थी ओतले आणि नंतर त्याच विद्यार्थ्यांची संख्या कापली. पोरांची यात काहीही चूक नव्हती, हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं.

आणि बघा, घाव कुणावर पडला. 2024 चा कोटा लावताना मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांना त्यातून वगळलं होतं, 2025 ला त्यांना आत घेतलं आणि 2026 पासून सरकारी संस्थांमधल्या मास्टर्स-पीएचडीवाल्यांना प्रांताचं शिफारसपत्र लागत नाही अशी सूट परत दिली. विषयांची अटही डिग्रीवाल्यांना नाही. सगळा भार कॉलेज आणि डिप्लोमावाल्यांवर. युनिव्हर्सिट्यांकडे बोलणारी वजनदार माणसं असतात, कागलहून गेलेल्या फिटरच्या बाजूने राजधानी ओटावात कोण बोलणार.

तरी मुलाला कॅनडाच हवं असेल तर त्याच्या हातात जे आहे त्याच दिशेचं बघा. मशिनिंग, वेल्डिंग, इंडस्ट्रियल मेकॅनिक असे कोर्स ट्रेड्समध्ये येतात, पण कोर्सच्या नावावर जाऊ नका, प्रत्येक कोर्सला सहा आकडी सीआयपी कोड असतो तो कॉलेजकडून लेखी मागा आणि कॅनडा सरकारच्या यादीत तोच कोड आहे का ते स्वतः बघा. यादीही बदलते, 2025 च्या जूनमध्ये 178 कोर्स काढले, 119 नवे घातले आणि थोड्याच दिवसांत काढण्याचा निर्णय पुढे ढकलला. दिलासा एवढाच की स्टडी परमिटचा अर्ज करताना तुमचा कोड यादीत असेल तर पुढे तो काढला तरी तुमचा हक्क राहतो. म्हणून अर्ज केला त्या दिवशीच्या यादीची प्रिंट तारखेसकट काढून ठेवा. सरकारी कॉलेजचं नाव लावून खासगी संस्था शिकवते असा प्रकार असेल तर तिथे जाऊच नका, 15 मे 2024 नंतर सुरू केलेल्या अशा कोर्सला वर्क परमिट नाही. राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895 कॅनेडियन डॉलर झालीये, फी वेगळी. 2023 संपेपर्यंत ती 10,000 होती असं कुणी सांगेल, ते खरं आहे, पण ती आता नाहीये.

प्रश्न: मी बारावी सायन्स, सध्या लातूरला जर्मन शिकतेय, बी-1 ची परीक्षा देणार आहे. मला जर्मनीत नर्सिंगचं औसबिल्डुंग, म्हणजे पगारी शिकाऊ प्रशिक्षण, करायचंय. पण तिथे निवडणुकीत परदेशी लोकांच्या विरोधातला पक्ष दुसऱ्या नंबरवर आला असं वाचलं. घरचे म्हणतात पैसे घालू नको, तिथलं सरकार तुम्हाला हाकलेल. शिवाय आपल्या राज्य सरकारने जर्मनीशी करार केलाय ना, त्यातून गेलं तर सुरक्षित ना?
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर: तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तू आधी भाषेला हात घातलास आणि ते सगळ्यात शहाणपणाचं आहे.

घरच्यांची भीती खोटी नाहीये. 23 फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी हा पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला, त्याआधी 2024 च्या सप्टेंबरमध्ये थुरिंगिया या राज्याच्या निवडणुकीत तो पहिला आला होता. पण सत्ता त्यांच्याकडे नाही. मे 2025 ला फ्रीडरिश मेर्त्स चान्सलर झाले, त्यांच्यासोबत सोशल डेमोक्रॅट आहेत. आणि त्यांनी खरंच काही गोष्टी कडक केल्या, तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय 2025 च्या ऑक्टोबरमध्ये काढून टाकली, आता पाच वर्षं. पण औसबिल्डुंगच्या दाराला कुणी कुलूप लावलेलं नाही, आणि त्यामागे दया नाही, गरज आहे. तिथे म्हातारी माणसं वाढलीत आणि त्यांची सेवा करणारे हात कमी आहेत, हे मेर्त्स असोत की आणखी कुणी, कागदावरून पुसता येत नाही.

तू कायदा असा समजून घे. 2020 च्या 1 मार्चला त्यांचा कुशल कामगारांचा कायदा आला, 2023-24 मध्ये तो टप्प्याटप्प्याने सैल केला. औसबिल्डुंग म्हणजे शिकता शिकता कामावर असणं, थोडे दिवस शाळेत, थोडे दिवस कंपनीत किंवा हॉस्पिटलात, आणि दर महिन्याला पैसे. पहिल्या वर्षाचा कमीत कमी मोबदला 2026 ला सुरू करणाऱ्याला 724 युरो आहे, नर्सिंगमध्ये तर बहुतेक ठिकाणी याहून बराच जास्त मिळतो. आणि 2020 पासून नर्सिंग शिकवायची फी घेणं बंद केलेलं आहे. त्यामुळे कुणी तुला कोर्स फी म्हणून लाखांत रक्कम मागितली तर तिथून उठून ये.

कॅनडाच्या उत्तरात लिहिलं ते तूही वाच, कारण फरक तिथेच आहे. तिकडे कॉलेज आधी पैसे घेतं आणि नोकरीचं नंतर बघू म्हणतं. इथे हॉस्पिटल आधी तुझ्याशी करार करतं आणि मग व्हिसा होतो. तुझ्या बाजूने एक मालक उभा असतो ज्याला तू हवी असतेस, आणि सरकार बदललं तर आरडाओरडा तोच करतो, कारण त्याचे वॉर्ड रिकामे पडतात. माझ्या मते हाच खरा आधार आहे, बाकी कुठल्याही आश्वासनापेक्षा. आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर तिथेच दोन वर्षं त्या कामात काढलीस, पेन्शनचे हप्ते भरलेस तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, हे अजून तसंच आहे.

आता आपल्या राज्याच्या कराराचं. महाराष्ट्र आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं नातं जुनं आहे, मुंबई आणि त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, 2015 पासून दोन्ही राज्यं भागीदार आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हा दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री होते, पहिल्या टप्प्यात 10,000 तरुण पाठवायचं जाहीर झालं. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर असे कितीतरी ट्रेड त्यात होते. नंतर 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे निवडणूक झाली, मंत्री बदलले. अशा योजनेत मंत्री बदलला की फाइल नव्या टेबलावर जाते आणि मुलांना कुणी काही सांगत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य आहे, व्हिसा बर्लिनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हातात आहे. राज्याने कितीही मनापासून सही केली तरी व्हिसाच्या खिडकीवर ती सही चालत नाही, तिथे तुझी भाषा, तुझा करार आणि तुझी कागदपत्रं चालतात. म्हणून योजनेतून नाव लागलं तर चांगलंच, नाही लागलं तर तिची वाट बघत वर्ष घालवू नकोस, तुझ्या बी-1 वर स्वतः अर्ज कर, नर्सिंगला बहुतेक हॉस्पिटलं बी-2 मागतात म्हणून बी-2 ची तयारी आत्ताच धर.

आणि एक, 1 जुलै 2025 पासून व्हिसा नाकारला तर पूर्वी जो फेरविचाराचा साधा अर्ज करता यायचा तो बंद झालाय. आता परत नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दाद. त्यामुळे पहिलीच फाइल नीट लाव, घाईत अर्धवट कागद देऊ नकोस. वडिलांना हे उत्तर वाचून दाखव.

प्रश्न: आम्ही डिचोलीचे. माझ्या मिस्टरांनी पोर्तुगीज पासपोर्ट केलाय, मुलाचाही झालाय. दीर 2014 पासून इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत. मुलाला प्लंबिंग-हीटिंगचं काम शिकायचंय, दिरांकडे राहून तिथल्या कॉलेजात घालावं असं ठरवत होतो, पण फी ऐकून गप्प बसलो. पासपोर्ट युरोपचा असून असं कसं?
— एक आई, डिचोली

उत्तर: ताई, तुमचे दीर गेले तेव्हा हाच पासपोर्ट इंग्लंडमध्ये चालायचा, युरोपात काही वर्षं राहिलेल्याला तिथल्या स्थानिक मुलाएवढी फी पडायची आणि व्हिसाचा प्रश्नच नव्हता. 23 जून 2016 ला ब्रिटनमध्ये मतदान झालं, युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं ठरलं, स्विंडन गावानेही बाहेर पडायच्याच बाजूने कौल दिला, आणि 31 डिसेंबर 2020 च्या रात्री ये-जा करायचं ते स्वातंत्र्य संपलं. जे आधीपासून तिथे राहत होते त्यांना सेटलमेंटची योजना मिळाली, तिची मुख्य मुदत 30 जून 2021 होती. तुमच्या मुलाला आता ब्रिटनच्या लेखी पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे कुठल्याही परदेशी मुलासारखाच, व्हिसा घ्यायचा आणि परदेशी फी भरायची.

पण तोच पासपोर्ट युनियनच्या उरलेल्या 27 देशांत पूर्ण ताकदीने चालतो हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. वर लातूरच्या मुलीला जर्मनीसाठी व्हिसा, फाइल, खिडकी हे सगळं लागतंय, तुमच्या मुलाला यातलं काहीच नाही, तो विमानात बसून जाऊ शकतो, तिथे पत्ता नोंदवायचा आणि कंपनीशी औसबिल्डुंगचा करार करायचा. हीटिंग आणि प्लंबिंगचे कारागीर तिथे हवेच आहेत. भाषा मात्र शिकावी लागेल, त्यातून सुटका नाही. भाषेचा कंटाळा असेल तर आयर्लंड आहे, इंग्रजीतच शिकवतात, अप्रेंटिसशिप तिथेही पगारी आहे आणि आयर्लंड युनियनमध्येच आहे.

एक गोष्ट मात्र घरात बसून शांतपणे बोला. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मुलगा परत येऊन इथे सरकारी नोकरी किंवा परीक्षेचा विचार करणार असेल तर तो रस्ता बंद झालाय. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढून ठेवा.

प्रश्न: मावसभाऊ मेलबर्नला आहे, म्हणतो कमर्शियल कुकरीला ये, शेफ झालास की पीआर (कायमचं वास्तव्य) पक्की. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय नाशिकला. ऑस्ट्रेलियात तर सरकार तेच परत आलंय, मग धोका नाही ना?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर: तुझ्या मावसभावाला विचार की 2010 ला तो तिथे होता का. कारण "कुकरी केली की पीआर" हे वाक्य तेव्हाही असंच म्हटलं जायचं. 2000 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या कामगार-टंचाईच्या यादीत कुक आणि हेअरड्रेसर होते, मग मेलबर्न-सिडनीत खासगी कुकरी कॉलेजं भराभर निघाली, आपल्याकडून, पंजाबातून, आंध्रातून पोरं गेली. ज्यांनी आयुष्यात फोडणी दिली नव्हती त्यांनीही प्रवेश घेतला, कारण यादी तसं सांगत होती. 8 फेब्रुवारी 2010 ला इमिग्रेशन मंत्री ख्रिस एव्हन्स यांनी ती यादी रद्द केली, जुलैपासून नवी यादी आली आणि तिच्यात कुक आणि हेअरड्रेसर नव्हते. वर्गात बसलेली मुलं वर्गातच अडकली. त्याच्या आगेमागे काही कॉलेजं बंदही पडली, फी भरलेली मुलं रस्त्यावर आली, आणि 2009 मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. फी बुडू नये म्हणून पुढे 2012 ला त्यांनी विद्यार्थ्यांच्या फीच्या संरक्षणाची व्यवस्था केली ती या सगळ्यातूनच आली.

आणि हे सरकार कुणाचं होतं? लेबरचं. आज परत आलेलं सरकारही लेबरचंच आहे, अँथनी अल्बनीझी यांनी 3 मे 2025 ला निवडणूक जिंकली. याच सरकारने 1 जुलै 2024 ला स्टुडंट व्हिसाची फी 710 वरून 1,600 ऑस्ट्रेलियन डॉलर केली आणि 2025 च्या जुलैला 2,000. व्हिसा मिळो न मिळो, ही फी परत येत नाही. विरोधी पक्षाचे पीटर डटन तर प्रचारात 2,500 आणि मोठ्या युनिव्हर्सिट्यांना 5,000 म्हणत होते. म्हणजे दोन्हीकडे चढाओढ कडकपणाचीच, त्यामुळे कोण आलं यावर तू तुझा हिशोब मांडू नकोस. 2025 साठी त्यांनी नव्या परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा 2,70,000 ठरवला, त्यात व्होकेशनल कॉलेजांच्या वाट्याला 95,000. कोट्याचा कायदा 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सिनेटमध्ये अडला, तर सरकारने डिसेंबरमध्ये मंत्र्याच्या एका आदेशावर तेच काम केलं, कॉलेजचा कोटा 80 टक्के भरला की त्या कॉलेजचे व्हिसा अर्ज मागे पडायला लागले. संसदेत हरलेली गोष्ट ऑफिसातून लागू झाली, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, बातम्यांत कायदा पडला असं वाचून तू निर्धास्त झाला असतास.

तुझी गोष्ट मात्र त्या 2010 च्या मुलांपेक्षा वेगळी आहे, तू हॉटेल मॅनेजमेंट केलंयस, स्वयंपाकघरात उभा राहिलायस. तुला शेफच व्हायचं असेल, पीआर नाही मिळाली तरी ते शिक्षण तुला नाशिकला, मुंबईला, दुबईला कामाला येईल असं वाटत असेल तर जा. फक्त पीआरसाठी असेल तर जाऊ नकोस. आणि स्वस्तात पडावं म्हणून युनिव्हर्सिटीत प्रवेश दाखवून तिथे उतरल्यावर कुकरी कॉलेजात उडी मारायची, ही युक्ती कुणी सांगितली तर कान बंद कर, डिग्रीच्या व्हिसावर खालच्या पातळीचा कोर्स घेतला की व्हिसाची अट मोडते, नवा व्हिसा काढावा लागतो.

प्रश्न: आम्ही स्लाऊला असतो, मुलगी इथल्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकतेय. आधीच्या बॅचची मुलं युरोपात दोन-तीन आठवडे कामाचा अनुभव घ्यायला जायची म्हणे, तिच्या बॅचला काहीच नाही. युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना परत येणार असं ऐकलं, ते खरं का?
— एक मराठी आई, स्लाऊ, इंग्लंड

उत्तर: खरं आहे. 17 डिसेंबर 2025 ला ब्रिटन सरकारने जाहीर केलंय की 2027 पासून ते इरॅस्मस प्लसमध्ये परत जातायत.

मधल्या काळात काय झालं ते सांगते, कारण इरॅस्मस म्हटलं की सगळ्यांना युनिव्हर्सिटीच आठवते आणि कॉलेजातल्या इलेक्ट्रिशियन मुलीचं कुणी बोलत नाही. व्होकेशनल मुलांसाठी युरोपात 1995 पासून लिओनार्डो दा विंची नावाची वेगळी योजना होती, 2014 ला ती इरॅस्मस प्लसमध्ये मिसळली. 2020 च्या जानेवारीत बोरिस जॉन्सन संसदेत म्हणाले होते की इरॅस्मसला काही धोका नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिटन त्यातून बाहेर पडलं. बदल्यात ट्युरिंग स्कीम आली, 2021 पासून. तिच्यात कॉलेजं आहेत, पण पैसे फक्त बाहेर जाणाऱ्यांना, तिकडून इकडे येणाऱ्यांना नाहीत, आणि अर्ज दरवर्षी नव्याने. युनिव्हर्सिटीकडे याच कामाचं ऑफिस असतं, तुमच्या कॉलेजात बहुधा एखादी मॅडम शिकवणं सांभाळून फॉर्म भरत असणार. शिवाय देवाणघेवाण म्हटलं की दोन्ही बाजू लागतात. जर्मनीतल्या किंवा स्पेनमधल्या शाळेची मुलं इथे येऊन कंपनीत काम शिकू शकत नसतील, कारण साध्या व्हिजिटर व्हिसावर ते करता येत नाही, तर त्यांनी तुमच्या मुलीला का बोलवावं? वेल्सने हे ओळखलं आणि 2022 ला तैथ नावाची स्वतःची योजना काढली, त्यात येणाऱ्यांनाही पैसे आहेत. इंग्लंडने तसं केलं नाही.

स्वित्झर्लंडचंही असंच झालं होतं, 2014 च्या फेब्रुवारीत तिथे बाहेरच्या लोकांवर मर्यादा घालायच्या बाजूने जनमत गेलं आणि देश इरॅस्मसबाहेर पडला, तेही आता 2027 ला परत येतायत. एका मतदानातून बाहेर पडायला थोडे महिने लागतात, परत यायला एक अख्खी पिढी कॉलेजातून पास होऊन जाते. युनिव्हर्सिटीचं पोरगं निदान स्वतःच्या खर्चाने सहा महिने जाऊ शकतं, अप्रेंटिस मुलीला तेवढी सुट्टीही नसते आणि घरून तेवढे पैसेही नसतात, म्हणून तिला सगळा खर्च मिळाला तरच जाता येतं.

तुमची मुलगी 2027 ला कॉलेजातच असेल तर आत्ताच तिच्या विभागाला विचारा की इरॅस्मसच्या पहिल्या फेरीत अर्ज करणार का. शाळा-कॉलेजांनी मागितलं नाही तर ते पैसे पुन्हा युनिव्हर्सिट्यांकडेच जाणार. आणि ती आधी पास होत असेल तर ट्युरिंगचं या वर्षी काय, हे विचारायला लाजू नका.

प्रश्न: मला पायलट व्हायचंय, अमेरिकेत फ्लाइंग स्कूलला एम-1 व्हिसावर जातात ना? 2025 ला मुलाखतीच बंद केल्या होत्या, आता जावं का?
— एक वाचक, बारामती

उत्तर: बंद केल्या होत्या ते खरं. 27 मे 2025 ला एफ (कॉलेज-युनिव्हर्सिटी), एम (व्होकेशनल) आणि जे (देवाणघेवाण) या तिन्ही व्हिसांच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या, 18 जूनला परत सुरू करायचं सांगितलं, पण अट घातली की सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. बातम्या हार्वर्ड आणि कोलंबियाच्या आल्या, फ्लाइंग स्कूलच्या मुलांची बॅच चुकली ते कुठे छापून आलं नाही.

जायचं तर एम-1 कसा आहे ते नीट समजून जा. तो एफ-1 सारखा लांबत नाही, मुदत एका वर्षाची, पुढे वाढवून घ्यावी लागते. शिक्षण झाल्यावर काम करायची मुभा जास्तीत जास्त सहा महिने, तीही चार महिने शिकलास तर एक महिना या हिशोबाने, आणि तिथे गेल्यावर एम-1 चा एफ-1 करता येत नाही. त्यामुळे तिथे नोकरी हा विचार सोडून दे, उड्डाणाचे तास घेऊन परत यायचं आणि इथे डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, लायसन्स रूपांतर करून घ्यायचं, एवढ्यासाठीच तो व्हिसा आहे. डीजीसीएच्या लेखी परीक्षा इथूनच आधी देऊन टाक, मेडिकल क्लास वन आधी कर, आणि फ्लाइंग स्कूलला सगळी फी एकदम देऊ नकोस, तासांच्या हप्त्याने भरू देतात अशी स्कूल बघ आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतात ते करारात लिहून घे.